पेढ्यांच्या बॉक्समधली तपासणी

पेढ्यांचा बॉक्स घेऊन दवाखान्यात आलेले आजोबा म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, नातू झाला. मलाही तसंच वाटलं. नवघरच्या त्या रांगेत मी हात पुढे केला, "आजोबा, एक द्या की!"

त्यांनी बॉक्स छातीशी धरला. "मेल्या, आत शौचाची डबी आहे! आतड्याच्या कॅन्सरची तपासणी. मुलगी कधीची मागे लागलीय, पण मी लाजून टाळत होतो. लिफ्टमध्ये सगळे विचारतात, पिशवीत काय?"

"मग आज?"

"आज सगळ्यांनी अभिनंदन केलं!"

नंबर आल्यावर त्यांनी न बोलता बॉक्स खिडकीत सरकवला आणि दाराकडे सटकले. मागून सिस्टर ओरडल्या. तो आवाज मी अजून हुबेहूब काढतो, "ओ आजोबा! सांगायचं नाही का? आमच्या मावशी चहाबरोबर उघडत होत्या!"