कपाटासाठी धरलेला नेम

व्रताचं उद्यापन झालं की वाण देऊन मोकळं होता येतं. किस्से मात्र कुणाला वाणात देता येत नाहीत. ते घरातच साठतात, आणि चार बायका पान लावायला बसल्या की आपोआप बाहेर येतात. एका चातुर्मासात तर इतके साठले की विचारू नका!

त्याचं असं झालं. आमच्या कर्जतला स्टेशनाजवळ एका कपाटाचं वाचनालय होतं. तिथले नियम दोन. बायकांनी आत बसायचं नाही, आणि पुस्तक बाहेर न्यायचं नाही! माझी शेजारीण गोदाताई वाचनाची भारी वेडी. तिनं एकदा धीर करून अध्यक्ष रावसाहेबांना पुस्तक घरी न्यायचं विचारलंच.

रावसाहेब हसले. "बायकांना पुस्तकं कशाला? दसऱ्याला प्रश्नांचा सामना लावू. तुम्ही जिंकलात तर कपाट तुमचं, घरी न्या पुस्तकं! हरलात तर पुन्हा विषय काढायचा नाही."

गोदाताई त्या रात्री जेवली नाही म्हणे. मी म्हटलं, "अगं, देव आहे की! तयारीला लागू."

*

चातुर्मास तोंडावर होता. कुणी वांगं सोडलं, कुणी कांदा. मी नेम धरला, रोज एक नवी गोष्ट कळल्याशिवाय जेवायचं नाही.

पहिल्याच दिवशी बारा वाजले तरी काही कळेना. ह्यांना माझी दया आली. म्हणाले, "विलायतेतल्या गाई निळसर दूध देतात." मी देवाला हात जोडले आणि पोटभर जेवले. दुपारी देवळात सगळ्या बायकांना ते सांगितलं. हसून हसून त्यांची पुरेवाट झाली!

देवळातल्या गुरुजींना नेम मोडल्याचं प्रायश्चित्त विचारलं. म्हणाले, "एक दिवस उपास करा. खोटं सांगणाऱ्यालाही तोच नियम."

दुसऱ्या दिवशी आमची चूलच पेटली नाही. ह्यांनी पुन्हा कधी विलायतेचं नाव काढलं नाही!

*

शाळेतले मास्तर म्हणजे सामन्यातले पुरुषांकडचे मोठे मल्ल. एकदा ते वाटेत भेटले, तर मी पदर सावरून विचारलं, "मास्तर, आपल्या स्टेशनात पुण्याच्या गाडीला मागून आणखी इंजिन का लावतात?"

मास्तरांनी घसा साफ केला, टोपी नीट केली. "वहिनी, हे चौथीच्या पुस्तकात येतं. मी तिसरीला शिकवतो!"

गोदाताई माझ्या मागे होती. ती हळूच म्हणाली, "मग तिसरीवाल्यांची गाडी घाट कशी चढते हो?"

*

याच्या उलट आमची ठकी. ठाकरवाडीवरून डोक्यावर पाटी घेऊन यायची रानभाजी विकायला. तिला अक्षर ओळखीचं नाही. मी म्हटलं, "ठकी, एक नवी गोष्ट सांग गं, भूक लागलीय."

"मी अडाणी, मी काय सांगू बाय?" म्हणत ती ओट्यावर टेकली. "मुंग्या अंडी घेऊन वर निघाल्या का पाऊस येतो. भारंगीचा पाला उकळून पानी नाय टाकलं तर कडू लागतो. कर्टुल्याचा येल सुकला तरी कंद मातीत ऱ्हातो, पुढल्या साली आपसूक फुटतो..."

"पुरे, पुरे!" मी म्हटलं. "तीन दिवसांचं जेवण एकदम दिलंस!"

"मंग उरलेलं शिंक्यावर ठिव की बाय, उंद्या खा!"

*

गोदाताईचं सगळं वाचन वाण्याच्या पुड्यांवर. एकदा साखरेच्या पुडीवर गोष्ट निघाली. राणी विहिरीच्या काठावर आली, पाय घसरला आणि... कागद संपला!

ही तडक दुकानात. "पावशेर साखर द्या, याच्या पुढच्या पानात!"

वाणी म्हणाला, "ताई, पुढचं पान गुळाबरोबर खालापुरास गेलं."

खालापूरला हिची नणंद. हिनं तिला निरोप धाडला, गुळाचा कागद शोध. आठ दिवसांनी उत्तर आलं. "कागद मिळाला. राणी पडली. वाचली का नाही, तिथं गूळ चिकटलाय!"

गोदाताई डोळ्यांत पाणी आणून हसली. म्हणाली, "वहिनी, एकदा तरी अख्खं पुस्तक हातात यावं हो!"

*

दसरा उजाडला. वाचनालयात सतरंजी अंथरली होती. सरस्वतीपूजन म्हणून पुस्तकांच्या कपाटाला झेंडूचा हार, गंध, अक्षता. एका बाजूला रावसाहेब, मास्तर, चिटणीस. दुसऱ्या बाजूला आम्ही, त्या दिवसापुरत्या आत. पंच म्हणून कीर्तनकार बुवा.

आम्ही हरत हरत सावरलो आणि शेवटी बरोबरी झाली! बुवा म्हणाले, "आता बायकांनी एकच प्रश्न विचारायचा. पुरुषांना उत्तर आलं तर ते जिंकले, नाही आलं तर बायका."

आम्ही पुराणातला एक महाकठीण प्रश्न काढून ठेवला होता. तो गोदाताईला पाठ होता. ती उभी राहिली. डोळे त्या कपाटावर खिळलेले. प्रश्न साफ विसरली! मी मागून चिमटा काढला, तशी तिच्या तोंडून जे मनात होतं तेच निघालं.

"या कपाटाची किल्ली कुठं असते हो?"

रावसाहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी चिटणिसांकडे पाहिलं.

"मागच्या चिटणिसांकडे असायची," चिटणीस म्हणाले.

"मग त्यांना बोलवा," बुवा म्हणाले.

"ते वारले."

"अरेरे! कधी?"

"सात वर्षं झाली."

बुवांनी उपरणं सावरलं, उठून कपाटाचा हार काढला आणि गोदाताईच्या हातात दिला.

"धरा ताई," ते म्हणाले, "आणि कुणीतरी लोहाराला बोलवा!"