मागच्या दाराचं तीनपानी झाड

गल्लीत सगळे त्यांना दातवाल्या वहिनी म्हणत, कारण त्या कवळ्या बनवत. दवाखान्यातून तोंडाचं माप यायचं. त्यावरून वहिनी प्लास्टरचा साचा ओतायच्या आणि मागच्या खोलीत खिडकीशी बसून मेणात एकेक दात रोवायच्या. एखाद्याचा मूळचा दात किंचित वाकडा होता असं कळलं, तर नवाही तितकाच वाकडा बसवायच्या. "सगळे सरळ लावले तर माणूस आरशात स्वतःलाच ओळखणार नाही," असं त्यांचं म्हणणं.

या घरात त्या राहायला आल्या ऐन थंडीत, रात्री बाहेर पाणी गोठत होतं तेव्हा. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, त्यामुळे सामान लावायला त्या आणि सासरे असे दोघंच. आल्या आल्या वहिनींनी चादर वाळत घातली, ती वाऱ्यानं उडाली आणि मागच्या भिंतीलगतच्या एका झुडपावर जाऊन अडकली. सोडवून हातात येईपर्यंत तिची चाळण झाली होती.

झुडूप चांगलं माणसाहून उंच होतं. अंगावर एक पान नाही, आणि फांद्या मात्र मिरचीसारख्या हिरव्यागार. काटे बोटाएवढे लांब, तेही हिरवेच.

"मेलंय ते. काढून टाकू," सासरे म्हणाले.

"मेलेलं एवढं हिरवं असतं होय, बाबा?"

"मग जिवंत असेल. तरी काढून टाकू."

सासऱ्यांनी उभी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली होती. आदल्या वर्षी एक ताप आला आणि जाताना त्यांची वासाची जाण घेऊन गेला. तेव्हापासून जेवण म्हणजे त्यांना कागद चावल्यासारखं. सुनेला वाईट वाटू नये म्हणून ताट संपवायचे आणि गप्प उठायचे.

वहिनींनी फांदीवर नख ओढून पाहिलं. आत ओल होती. मग त्या दात तपासायचं भिंग घेऊन आल्या. प्रत्येक काट्याच्या कुशीत एक बारीक गोल डोळा होता, मोहरीएवढा. "थोडं थांबू, बाबा," त्या म्हणाल्या. "काहीतरी करायच्या बेतात आहे हे."

थंडी ओसरली आणि ते डोळे फुटले. पण पानं नाहीत, आधी फुलं आली. नुसत्या काट्यांवर पांढरी पातळ फुलं, जणू कुणी घाईत टाचणीनं टोचून ठेवलीत. वास मंद होता. वहिनींनी हौसेनं हाक मारली, "बाबा, या ना, वास बघा!" आणि बोलून गेल्यावर जीभ चावली. म्हातारा मात्र आला, वाकला, फुलाला नाक लावून बराच वेळ उभा राहिला. "दिसायला बरी आहेत," एवढंच म्हणून आत गेला.

मग पानं आली, तिनाच्या जुडीनं. शेजारच्या शिवणवाल्या मावशी कुंपणावरून डोकावल्या आणि निकाल देऊन मोकळ्या झाल्या. "अगं, बेल आहे हा! तीन पानं, काटे, आणखी काय हवं?"

"मावशी, बेल इथल्या गारठ्यात जगेल का? पहिल्याच हिवाळ्यात मान टाकेल."

"मग लिंबू असेल."

वहिनींनी पान चुरगळलं. वास लिंबाच्या घराण्यातला होता खरा, आणि देठाला दोन्ही बाजूंनी लिंबासारखे बारीक पंखही होते. पण लिंबाला कधी तीन पानांची जुडी असते का? बेल म्हणावा तर अंगाला लिंबाचा वास, लिंबू म्हणावं तर बेलाचं पान, आणि दोघांनाही न सोसणारी थंडी हे बेटं निवांत सोसून बसलेलं. वहिनींच्या डोक्यात भुंगा शिरला. कवळी घासता घासता मध्येच यंत्र बंद करून त्या खिडकीतून बघत बसायच्या.

उन्हाळ्यात बुंध्याशी गवत माजलं. ते काढायला वहिनी जवळजवळ पालथ्या पडून आत शिरल्या, आणि त्यांना खाली एक जाड खुंट दिसला. खुंटाभोवती कड्यासारखी गाठ. गाठीच्या वरचा भाग वाळून कोळसा झालेला, आणि हा सगळा हिरवा पसारा फुटला होता गाठीच्या खालून. वहिनी बघतच राहिल्या. दाढेवर बसवलेली कॅप निघून जावी आणि खाली मूळ धडधाकट राहावं, तसलाच हा प्रकार. त्यांनी घरातून माप घ्यायचा लगदा आणला, गाठीवर दाबला, आणि रीतसर साचा ओतला.

एका हातात कागदात गुंडाळलेली फांदी आणि दुसऱ्या हातात तो साचा घेऊन त्या रोपवाटिकेत गेल्या. तिथल्या बाईंनी फांदीकडे पाहिलं, साच्याकडे पाहिलं, आणि हसून हसून त्यांना कुंडीवर बसावं लागलं. "लोक पान आणतात, फूल आणतात. झाडाची कवळी आणलेली पहिल्यांदाच बघतेय!"

हसू आवरल्यावर त्यांनी नीट सांगितलं. "हे तीनपानी संत्रं. संत्र्याचंच भावंड, पण जंगली. पानं गाळून थंडी काढतं. म्हणून याच्या मुळावर गोड संत्र्याचं कलम बांधतात. तुमच्या आधी कुणीतरी गोड संत्रं म्हणूनच लावलं असणार. एखाद्या कडक हिवाळ्यात वरचं कलम गेलं आणि खालच्याचं फावलं."

"म्हणजे हे झाड कुणी लावलंच नाही?"

"लावलं. पण यासाठी नाही."

वहिनींना ते वाक्य फार आवडलं. "मग ठेवू की काढू?"

"फळाची आशा असेल तर काढा. आंबट आणि कडूजहर असतं. ठेवायचं तर जाड हातमोजे घ्या, आणि छाटलेली फांदी जमिनीवर टाकू नका. चपलेतून आरपार जाते."

ठेवायचं ठरलं. वाळत घालायची दोरी दुसऱ्या भिंतीला गेली. सासऱ्यांच्या सायकलचं चाक दोनदा पंक्चर झालं आणि दोन्ही वेळा त्यांनी झाडाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण चिमण्यांनी त्या काट्यांच्या मधोमध घरटं बांधलं, तशी त्यांची खुर्ची आपोआप मागच्या दारात आली. गल्लीतला बोका झुडपाभोवती फेऱ्या मारायचा, एक पंजा पुढे करायचा आणि मागे घ्यायचा. "मार की उडी! का रे, हवा गेली?" म्हातारा त्याला चिडवायचा.

थंडीच्या तोंडावर फळं पिकली. लहानशी, पिवळीधमक, अंगावर मखमली लव. वहिनी साच्यात मेण ओतत होत्या तेवढ्यात मागून आरोळी आली. "सूनबाई!"

त्या धावल्या. सासरे दारात उभे, हातात अर्धं फळ, तोंड वेडंवाकडं झालेलं आणि डोळ्यांतून पाणी.

"काय खाल्लंत? थुंका आधी!"

"कडू!" म्हातारा हसत होता. "सूनबाई, कडू आहे गं! आधी आंबट, आणि मग मागून कडू. लागतंय मला!" आणि वहिनी हात धरेपर्यंत त्यांनी आणखी एक घास घेतला.

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, चमत्कार वगैरे काही नाही. नाक गेलंय, जीभ कधी गेलीच नव्हती. आंबट, कडू, खारट हे जिभेचं खातं. बाकीची सगळी गंमत नाकाची, ती परत येईलच असं सांगता येत नाही.

"मग वर्षभर मला मऊ आणि मिळमिळीत का भरवलंत सगळ्यांनी?" सासरे तिथेच कडाडले. डॉक्टर सुनेकडे बघू लागले, सून जमिनीकडे. आजाऱ्याला साधं द्यावं, एवढंच तिला ठाऊक होतं.

त्यानंतर स्वयंपाकघराचा ताबा म्हाताऱ्याने घेतला. फळं चिरताना सुरीला राळेसारखा चिकटा बसायचा, तो तेलाच्या बोळ्यानं पुसायचा. सालं दोनतीन पाण्यांत उकळायची, मग साखरेत शिजवायची. मुरंबा झाला, मधासारखा दिसायला. मावशींनी एक चमचा तोंडात टाकला, "छान झालाय हो," म्हणाल्या आणि लगेच पाणी मागितलं. वहिनींनी दोन चमचे गिळले, तिसऱ्याला हात जोडले. सासरे मात्र रोज सकाळी तो पोळीला लावून खाऊ लागले. फुलांचा वास काही त्यांना परत आला नाही. पुढच्या वर्षीही ते वाकले, उभे राहिले, आणि "नाही," म्हणाले. या खेपेला मात्र आत न जाता फुलांवरच्या मधमाश्या बघत थांबले.

त्या फळांत गरापेक्षा बियाच जास्त. टाकवेनात म्हणून वहिनींनी काही कुंडीत पेरल्या आणि कुंडी हिवाळाभर बाहेरच ठेवली. ऊन तापू लागलं तसे कोंब आले, पण पेरल्या होत्या त्याहून जास्त. वहिनींनी मेणकामाच्या चिमट्यानं हलकेच माती सारली. एकाच बियेच्या टरफलातून तीन कोंब निघाले होते, तिघांची मुळं वेगळी.

"बाबा, एका बियेला तीन पोरं!"

सासरे चष्मा पुसत आले. "तिळी आहेत की काय? यातलं थोरलं कुठलं?"

"तेच बघतेय." वहिनींनी तिघांना अलगद सोडवून कवळ्यांच्या तीन रिकाम्या डब्यांत लावलं आणि डबे खिडकीत ओळीनं ठेवले. काम करता करता त्या मध्येच उठायच्या, भिंग लावून एकाचं पान दुसऱ्याशी ताडून पाहायच्या.

"अजून तरी सारखीच दिसतायत," त्या म्हणाल्या.

"दोन पानं झाली नाहीत तोवर काय दिसणार? वर्षभर जाऊ दे," म्हातारा म्हणाला, आणि मधला डबा थोडा उन्हाकडे सरकवला.