गोऱ्या हाताचा नवस

माझ्या डाव्या हाताला कधीच काहीही झालेलं नव्हतं. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

त्या ठणठणीत हातासाठी माझ्या बायकोने ऐन हंगामात मासे सोडले, मेव्हण्याने माडी सोडली, अलिबागच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं आणि शेवटी गावदेवीपुढे मला तराजूत बसवून नारळांनी तोलण्यात आलं. मी गप्प बसून तोलून घेतलं. (गप्प बसणं हा माझा स्वभाव आहे. आमच्या होमस्टेवर येणाऱ्या पाहुण्यांना सुरुवातीला मी मुकाच वाटतो. "ते असेच आहेत," सुनंदा त्यांना सांगते, "पण बंब त्यांनाच तापवता येतो.")

या सगळ्याचं कारण गोल्फ!

आता नागावातल्या नारळ-सुपारीच्या वाडीत वाढलेल्या, कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या, पोट सुटलेल्या गृहस्थाने उतारवयात गोल्फ शिकला तर त्यात लपवण्यासारखं काय? दुसऱ्या कोणाला काहीच नसतं. मला होतं. कारण आयुष्यात मी एकच भाषण केलंय, आणि ते गोल्फच्या विरोधात.

खाडीकडच्या खारपट्टीत एका रिसॉर्टवाल्याने गोल्फचं मैदान करायला घेतलं. गावातली पोरं तिथे क्रिकेट खेळायची, म्हणून ग्रामसभेत आरडाओरडा झाला. माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे, मी उठून उभा राहिलो. "अहो, एवढासा चेंडू! तो आपणच काठीने लांब हाणायचा आणि आपणच शोधत हिंडायचं! याला खेळ म्हणतात? आमची म्हैस सुटली की हेच आम्ही फुकटात करतो!" टाळ्याच टाळ्या! सुनंदा बायकांच्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होती. घरी येताना म्हणाली, "अहो, तुम्हाला बोलता येतं हे मला आज कळलं!" पुढे पोरांना बाजूची जागा मिळाली, मैदानही झालं, लोक सगळं विसरले. माझी म्हैस मात्र कोणी विसरलं नाही. लग्नात, बारशात कोणीतरी हमखास ओळख करून देणार, "हे ते, गोल्फला आडवे गेलेले!"

आणि मग गेल्या दिवाळीनंतर आमच्याकडे उतरलेला एक पाहुणा आपली गोल्फची काठी विसरून गेला. फोनवर म्हणाला, "काका, मैदानावर तन्वी म्हणून कोच आहे, तिच्याकडे देऊन ठेवाल का?" मी ती काठी गोणपाटात गुंडाळली आणि कोणी बघत नाही ना अशी खात्री करत, आडवाटेने गेलो.

तन्वी पनवेलची. माझ्या भाचीच्या वयाची, डोक्यावर टोपी, तोंडात च्युइंगम. "थँक्यू काका! आलाच आहात तर एक मारून बघा ना."

"छे छे!"

"अहो, कोणी बघत नाहीये."

या एका वाक्याने माझा घात केला. मी काठी उचलली. पहिला फटका हवेत. दुसरा हवेत. तिसऱ्याला गवत उडालं आणि चेंडू माझ्याकडे बघत जागीच राहिला. चौथ्याला मात्र टक् असा आवाज झाला! काय सांगू तुम्हाला! हाताला काही लागलंच नाही. लोण्यातून सुरी जावी तसं झालं, आणि तो पांढरा ठिपका वर, आणखी वर, खाडीकडच्या बगळ्यांना उठवत निघून गेला! माझ्या तोंडून "ओ हो हो!" असा आवाज आला. असा आवाज मी स्वतःच्या लग्नातही काढला नव्हता.

"काका! पहिल्याच दिवशी? यू आर अ नॅचरल!" तन्वी म्हणाली. (ती हे सगळ्यांनाच म्हणते, हे मला नंतर कळलं. तोवर उशीर झाला होता.)

सुनंदाला मी सांगितलं की मी फिरायला जातो. "जा हो, जा! पोट तरी उतरेल," ती म्हणाली. आणि मी शिकायला लागलो.

"काका, कोयता नाहीये तो! नारळ सोलताय का?" तन्वी ओरडायची. "लूज धरा. ओला पापड उचलताना कसं धरतो, तसं!"

"पापड बायको उचलते."

"मग बघता तर ना? आणि मान वर नको! चेंडू कुठे गेला ते मी बघते, तुम्ही खाली बघा. खाली बघायचं आणि गप्प राहायचं!"

इथे मात्र मी तिला थक्क केलं. खाली बघून गप्प राहण्याचा माझा लग्नानंतरचा सराव दांडगा होता! इतर शिकाऊ मंडळी ज्या गोष्टीवर महिनोन्‌महिने अडतात ती मला जन्मजात येत होती. कंबर वळेना, खांदा वळेना, पण मान? मान हलेल तर शप्पथ! चेंडू आधी गटारात जायचा, मग कुंपणापर्यंत जायला लागला, मग कुंपणापलीकडे (तिथे क्रिकेट खेळणारी पोरं तो झेलून "आऊट!" म्हणून ओरडायची). या वयात एखादी गोष्ट आपल्याला कालच्यापेक्षा आज बरी येते आहे, हे पाहून माणसाचं काय होतं, ते मला शब्दांत सांगता येणार नाही. मी बंब तापवताना गुणगुणायला लागलो. सुनंदाला पहिली शंका तिथेच यायला हवी होती.

ती आली हातमोज्यामुळे. गोल्फमध्ये मोजा एकाच हातात घालतात. उजव्या हाताने खेळणाऱ्याने डाव्यात. उन्हात माझा उजवा हात भाजलेल्या शेंगदाण्यासारखा झाला आणि मोज्यातला डावा सोललेल्या बटाट्यासारखा. मला पत्ताच नाही! एके दिवशी ताट घ्यायला मी दोन्ही हात पुढे केले आणि सुनंदाने ताट मागे ओढलं.

"हात बघू. दुसरा. दोन्ही जवळ धरा... अहो, या हातात रक्तच नाहीये!"

हीच वेळ होती. मी तोंड उघडलंसुद्धा! तेवढ्यात मेव्हणा अनंत दारातून आत आला. "भावजी, ते रिसॉर्टवाले मैदान वाढवनार म्हनतात. पुन्ना एक भाषन ठोका, म्हैसवालं!"

मी तोंड मिटलं.

डॉक्टरांनी दोन्ही हात उलटसुलट पाहिले. "उन्हात काही काम करता का? हातात काही घालून?" सुनंदाच माझ्या वतीने म्हणाली, "छे हो! नुसते फिरायला जातात." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी (मान खाली, खांदे सैल, अगदी तन्वीने शिकवल्यासारखं) गप्प. त्यांनी टॉनिक लिहून दिलं.

त्यानंतर माझ्या ताटात सुरमईचा मधला तुकडा यायला लागला. कोलंबी यायची, तिसऱ्या-शिंपल्या यायच्या. "खा, रक्त वाढेल." ती स्वतः मात्र वरणभात घेऊन बसायची.

"तू?"

"मला पित्त झालंय."

सुनंदाची आणि माशांची गोष्ट तुम्हाला माहीत नाही. ही बाई पापलेटचं डोकं खायला बसली की घराला आग लागली तरी उठायची नाही. तिला आठवडेच्या आठवडे पित्त? पण मी विचारलं नाही. मला कळलं ते रस्त्यात, आमच्या नेहमीच्या हिराबाई कोळणीकडून. डोक्यावरची पाटी सावरत तिने मला अडवलं.

"भाऊ, वयनीनं मासा सोडलाय तो तुमच्यापायी, ठाव हाय का?"

"तिला पित्त..."

"कसला पित्त! गावदेवीला बोललीय ती. तुमचे दोनी हात एका रंगाचे होईपर्यंत मासा तोंडात घालनार न्हाय. पाव्हन्यांसाठी घेते, सोताला घेत न्हाय. तुमाला सांगू नको म्हनालीय, म्हनून मी काय सांगितला न्हाय हां!"

मी रस्त्यात उभाच राहिलो. म्हणजे जितका माझा गोल्फ सुधारणार, तितका हात गोरा होणार. आणि जितका हात गोरा, तितका सुनंदाचा उपास लांबणार! शिवाय होमस्टेच्या पाहुण्यांसाठी ती रोज मासे रांधत होती, पण चाखता येत नव्हतं. "अहो, जरा मीठ बघा ना," म्हणून वाटी माझ्याकडे यायची. पाहुण्यांच्या आधी मी, पाहुण्यांच्या बरोबर मी, आणि उरलेलं संपवायला मी. हातात रक्त वाढलं की नाही माहीत नाही, पट्टा मात्र दोन भोकं पुढे गेला. तिकडे बहिणीच्या काळजीने अनंतनेही माडी सोडली. त्याची बायको मला रोज गरम घावणे पाठवायला लागली. "भावजी," ती हळूच म्हणाली, "हाताची घाई करू नका हां. आरामात बरे व्हा!"

यावर मी एक उपाय शोधला. स्वतःच्या डोक्याने. (हेच चुकलं.) हात एका रंगाचे हवेत ना? मी उजव्या हातातही मोजा घातला.

"काका, दोन्ही हातांत? असं कोणी नाही घालत!"

"थंडी वाजते."

"एप्रिलमध्ये?"

महिन्याभरात दोन्ही हात छान, एकसारखे बटाटे झाले! मी विजयी मुद्रेने ते सुनंदापुढे धरले. "बघ! एक रंग!"

तिने पाहिलं आणि पाटावर बसली. "दुसऱ्यातही गेलं गं बाई!" आणि त्या दिवसापासून तिने सुकटही सोडली. जवळा सोडला. बोंबलाची चटणीसुद्धा!

आता मात्र मी ठरवलं, बस्स. गोल्फ सोडायचा. तसं सांगायला मैदानावर गेलो. तन्वी म्हणाली, "ठीक आहे काका. शेवटचा एक मारा."

शेवटचाच म्हणून मी सगळं विसरून मारला. पापडासारखी पकड, खाली मान, कंबर आपोआप वळली. चेंडू खाडीच्या फाट्यावरून पलीकडे गेला! मी आजवर तिथे फक्त चेंडू बुडवले होते! तो हिरवळीवर उतरला, टुणटुण करत भोकाच्या अगदी जवळ जाऊन थांबला. तन्वी उड्या मारत होती. मीही उडी मारली. (पट्टा तुटला.)

मी गोल्फ सोडला नाही. त्या दुपारी घरी आलो तेव्हा सुनंदा पाहुण्यांसाठी तळलेल्या सुरमईच्या वासात बसून वरणभात कालवत होती. माझा तुकडा तिने बाजूला काढून ठेवला होता. मी तो खाल्ला. इथे मला माझी काहीही बाजू मांडायची नाही.

मला सोडवलं ते ढगांनी. पावसाळ्यात मैदान बंद झालं, ऊन गेलं, मोजे सुटले आणि दोन्ही हात मुकाट्याने मूळ रंगावर आले. पण माझं नशीब बघा, सुनंदाचं नशीब बघा: पावसात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, त्यापुढे श्रावण, गणपती, नवरात्र. तेव्हा सगळं गावच मासे सोडून बसलेलं! खाता येण्याजोगा सगळा काळ तिने उपास केला होता.

दसरा झाल्यावर नवस फेडायचं ठरलं. नुसता मासा सोडून तिचं समाधान झालं नव्हतं, माझ्या वजनाइतक्या नारळांची तुला करण्याचंही ती बोलली होती. देवळापुढे आंब्याच्या फांदीला मोठा तराजू टांगला. एका पारड्यात मी, दुसऱ्यात आमच्याच वाडीतले नारळ. नारळ पडत होते, पडतच होते. मी जागचा हलेना.

"भावजी," अनंत पोतं उलटं करत धापा टाकत म्हणाला, "आजारी मानूस वाळतो म्हनतात ना हो?"

"रक्त भरलंय," सुनंदा डोळे पुसत म्हणाली.

मी हळूहळू वर उचलला जात होतो, आणि नेमकी तेव्हाच रस्त्यावर एक स्कूटर थांबली. "काका! ग्राउंड चालू झालं! कधी येताय?"

सगळ्या गावाने माना वळवल्या. तोवर हाताबद्दल मी फक्त गप्प राहिलो होतो, घरात खोटं असं बोललो नव्हतो. आता पारड्यातून अधांतरी, साखळी घट्ट धरून, मी म्हणालो, "या... या हाताच्या व्यायामाच्या बाई. यांनीच हात बरा केला."

सुनंदा धावतच गेली. तन्वीचे दोन्ही हात धरले. "पोरी, माझ्या माणसाचा हात दिलास गं!" तिथेच तिने खणानारळाने तिची ओटी भरली. तन्वी एकदा ओटीकडे, एकदा नारळांच्या ढिगाकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. "काकू, मी तर फक्त..." "फक्त काय! जेवल्याशिवाय सोडणार नाही!"

घरी तन्वीला पाटावर बसवून सुरमई वाढली. मग सुनंदाने स्वतःच्या पानात पापलेटचं डोकं घेतलं. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. पंगत थांबून तिच्याकडे बघत होती. मी पानाकडे बघत होतो.

"आता परत होणार नाही ना गं?" तिने विचारलं.

तन्वीच्या तोंडात घास होता. तिने तो सावकाश गिळला. "व्यायाम सुटला तर होऊ शकतं, काकू. काकांना मंगळवारी आणि शुक्रवारी पाठवत जा."

तेव्हापासून सुनंदाच मला उठवते. "उठा, हाताचं आहे ना आज?" जाताना तन्वीसाठी डबा देते, त्यात तळलेल्या तुकड्या असतात. मी आता मोजा घालत नाही. तळव्याला फोड येतात, त्यांना ती हळद लावते आणि "फार मेहनत करून घेते हो तुमची ती पोरगी!" म्हणून कौतुक करते. माझा खेळ झकास सुधारतो आहे.

माझ्याबद्दल देवीचं काही येणं राहिलेलं नाही, ते सुनंदाने माझ्या वजनानिशी फेडलं. बाजारातून सगळ्यात मोठं पापलेट मीच आणतो, पण ते काही तिचं देणं नव्हे. मी तिला एकच वाक्य देणं लागतो: "सुनंदा, माझा हात बरा होता, मी गोल्फ शिकत होतो." मंगळवारी म्हणणार होतो, पण ती डबा भरत होती. शुक्रवारी म्हणणार होतो, पण ती हळद लावत होती. ते वाक्य अजून द्यायचं आहे.