मोठ्या डॉक्टरांचा बुधवारचा वर्ग

आमचे मोठे डॉक्टर बाईमाणसाची छाती तपासताना तोंड भिंतीकडे फिरवून डोळे मिटून घेत. आणीबाणीच्या आधीच्या वर्षी मी भिवंडीच्या त्या दवाखान्यात पडून होते. चार पावलं चालले की दम लागे. परक्या पुरुषाने पदराखाली नळी लावायची म्हणजे मला मरणाची लाज. पण ते मिटलेले डोळे पाहिले आणि जीव थोडा सैल झाला.

बुधवारी त्यांचा वर्ग असे. मुंबईहून शिकाऊ डॉक्टर एसटीने येत. परीक्षा पास झालेली मोठी मुलं, पण यांच्यापुढे शाळकरी होऊन जात. आधी व्हरांड्यातल्या बाकांवर एकेका आजारावर बोलणं होई, मग सगळे खाटांशी येत. नळीचं टोक तळहातावर चोळून गरम केल्याशिवाय ते कोणाला लावू देत नसत. "गार लोखंड आधी स्वतःच्या पोटाला लावून बघा," म्हणत. एखाद्याची नजर भटकली तर हळूच बोलत, "कान इकडे, डोळे तिकडे."

माझ्या खाटेशी आले तेव्हा म्हणाले, "ताई, या मुलांना तुमच्याकडून शिकायचंय. नको असेल तर नाही म्हणा." मला असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी मान हलवली.

हृदयाची झडप अरुंद झालीय, मुंबईला नेऊन ऑपरेशन करावं लागेल, असं त्यांनी घरच्यांना कळवलं होतं. घरी मात्र मी कामचुकार ठरले होते. एका बुधवारी, ऐन वर्गात, सासूबाई पडघ्याहून मला न्यायला आल्या.

"भाताच्या आवणीला मानूस न्हाय आन् ही हितं झोपलीय. चल, ऊठ."

"एवढा वर्ग होऊ द्या, आई," डॉक्टर म्हणाले.

एक शिकाऊ डॉक्टर तेव्हा माझी छाती ऐकत होता. तो म्हणाला, "सर, मला काहीच वेगळं ऐकू येत नाही."

सासूबाईंना तेवढंच हवं होतं. "घ्या. डाक्टरलाच ऐकू येत न्हाय. सोंग हाय निस्तं."

मला वाटलं, संपलं आता. डॉक्टर मात्र रागावले नाहीत. मला डाव्या कुशीवर वळवलं, श्वास सोडून थांबायला सांगितलं आणि त्या मुलाचा हात धरून नळी जरा खाली सरकवली. "दाबू नका. नुसती टेकवा." मुलाचा चेहराच बदलला. "आता या आईंना ऐकवा."

सासूबाई कुरकुरतच वाकल्या. मग नळी दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरली.

"जातं फिरतंय जनू," त्या म्हणाल्या. "कवाधरनं हाय हे?"

"तुमच्या घरी येण्याआधीपासून."

"मंग ही बोलली का न्हाय?"

"तिला तरी कुठे ऐकू येत होतं?"

सासूबाई खाटेच्या कडेवर बसल्या. "म्हमईला नेली तर वाचंल?"

"खात्री देत नाही. नेली नाही तर मात्र फार दिवस काढणार नाही."

गोड बोलून वेळ मारून नेणं त्यांना कधी जमलंच नाही. सासूबाईंनी पदर खोचला. "आवणीचं मी बघतंय. लेकाला धाडतंय हिच्यासंगं."

ऑपरेशन झालं, दम गेला. काही वर्षांनी मला मुलगी झाली. तिला दाखवायला गेले, तर डॉक्टर दवाखाना सोडून गेले होते. सगळे त्यांना मोठे डॉक्टरच म्हणत, त्यांचं नाव मला ठाऊकच नव्हतं. त्यांच्या खोलीवर नावाची पाटी अजून होती, पण इंग्रजीत. मला वाचता येईना, आणि कोणाला विचारायची लाज वाटली. मुलगी शाळेत इंग्रजी शिकली तेव्हा तिला मुद्दाम तिथे घेऊन गेले. दारावर दुसरी पाटी होती.