बेला दुसऱ्या गाडीनं येणार होती

मी सैन्यात डॉग हँडलर होतो. शेवटचं पोस्टिंग काश्मीरमध्ये, रोड ओपनिंग पार्टीत. लष्कराच्या गाड्या निघण्याआधी पायी चालत रस्ता तपासायचा, हे आमचं काम. सर्वांत पुढे बेला, पिवळसर लॅब्रॅडॉर मादी. तिची लांब दोरी धरून मी. माझ्यामागे सव्वीस जवान. बेलाला बारुदाचा वास लागला की ती जागेवर बसायची. भुंकायची नाही. ती बसली की सगळ्यांनी थांबायचं.

आम्ही पाच वर्षं एकत्र होतो. रविवारी घरी व्हिडिओ कॉल लागला की माझी मुलगी प्राची आधी बेलाला बघायला मागायची. प्राची तेव्हा नऊ वर्षांची. रिटायर झालेला कुत्रा हँडलरला घरी नेता येतो, हे मीच तिला सांगून बसलो होतो. बेलाची रिटायरमेंट जवळ आली होती. प्राचीनं शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

त्या दिवशी ०६:३० ला आम्ही कॅम्पमधून निघालो. रस्त्यावर रोज एक धनगर मेंढ्या घेऊन भेटायचा. तो दिसला नाही. पुढच्या वळणावरचं चहाचं दुकान बंद होतं. मागून लान्स नायक म्हणाला, "उस्ताद, आज कोई नहीं है." रस्ता रिकामा म्हणजे धोका, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

०७:१० ला रस्त्याखालून पाणी जायच्या एका मोरीपाशी बेला बसली.

"पार्टी रुक जाओ! डॉग बैठ गया!"

रेडिओवर मेसेज गेला. सगळे आडोसा घेऊन पडले. मी बेलाला हाक मारली. ती उठली, माझ्याकडे वळली. तेवढ्यात मोरी उडाली. कोणीतरी लांबून बघत होतं आणि त्यानंच स्फोट घडवला, हे नंतर कळलं.

जवान सगळे सुखरूप. माझा डावा कान गेला. बेला जागेवर संपली.

तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये काढले. मग रजा मिळाली. निघताना बायकोला, संगीताला, फोनवर सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, "पोरीले आताच नका सांगू. हळूहळू सांगू."

वाशीम जिल्ह्यात जऊळका स्टेशनवर उतरलो तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. संगीता, माझे वडील आणि प्राची आले होते. प्राची माझ्याजवळ आली नाही. ती माझ्यामागे डब्याच्या दाराकडे बघत होती. गाडी हलली, शेवटचा डबा गेला, तरी बघत होती.

"पप्पा, बेला?"

"मागून येते. दुसऱ्या गाडीनं."

मी काही ठरवून बोललो नव्हतो. तोंडातून निघून गेलं.

घरी गेलो तर दाराशी शेजारची पोरं गोळा झालेली. त्यांनाही तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी प्राचीनं विचारलं, "आज येईन का?" मी म्हणालो, आज नाही. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "तिच्यासंगं कोण हाये?" मी एका जवानाचं नाव सांगितलं. चौथ्या दिवशी ती काहीच विचारेना. तिच्या त्या गप्प बसण्याची मला भीती वाटू लागली. काश्मीरमधला तो रिकामा रस्ता मला आठवत होता.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. ते अंगणात खाट टाकून बसले होते. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "बॉर्डरवर नाई भ्याला तू. अन् या लेकराले काहून भेऊन राह्यला?"

मी उठून आत गेलो.

पाचव्या दिवशी शाळा सुटली. शेजारच्या पोरी घरी आल्या. प्राची आली नाही. एक पोरगी म्हणाली, "ते तं टेशनावर गेली. बेलाले आणाले."

आमच्या गावातून स्टेशनला सडकेनं जायला वेळ लागतो. पोरं रुळाच्या कडेनं जातात. मी पळालो. दोन्ही बाजूंना तुरी माणसाच्या डोक्याएवढ्या उंच, पुढचं काही दिसत नव्हतं. रुळावर चढलो तेव्हा ती दिसली. नाल्यावरच्या पुलाच्या मधोमध, रुळाखालचे स्लीपर मोजत चालली होती. त्या पुलाला कठडा नाही.

हॉर्न वाजला. मला एकाच कानानं ऐकू येत होतं. आवाज पुढून येतोय की मागून, ते समजेना. मी दोन्हीकडे बघितलं. मागच्या वळणावर मालगाडीचं इंजिन दिसलं. जऊळक्याला ती थांबत नाही.

"प्राची! पुढं पळ! मागं नको पाहू, पळ!"

ती पळाली. मी मागून पोचलो, तिला उचललं आणि पूल संपताच उताराच्या गिट्टीवर दोघंही लोळत गेलो. गाडी वरून गेली. डबे मोजायची मला सवय आहे. त्या दिवशी मोजले नाहीत.

प्राचीचा गुडघा फुटला होता. ती रडत नव्हती. धूळ बसल्यावर म्हणाली, "बेला मेली न?"

"हो."

"कधी?"

मी तारीख सांगितली. वेळ सांगितली. ती मोरी, ते बंद दुकान, रेडिओवर काय बोललो, सगळं क्रमानं सांगितलं. मग सैन्याच्या चौकशीत, कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, जे कोणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं. त्या सकाळी बेलानं खाणं तसंच ठेवलं होतं. कुत्रा खात नसेल तर हँडलरनं डॉक्टरांना कळवायचं, असा नियम आहे. मला वाटलं थंडी आहे. मी तिला घेऊन निघालो.

प्राचीनं दोन्ही मुठींनी माझ्या छातीवर मारलं. किती वेळ मारलं, सांगता येत नाही. मी तिचे हात धरले नाहीत. मग ती रडली. हॉस्पिटलमध्ये मी रडलो नव्हतो. तिथे, गिट्टीवर बसून, मीही रडलो.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आबांजवळ जेवली, आबांजवळ झोपली. तिसऱ्या दिवशी माझ्यापाशी येऊन बसली आणि म्हणाली, "पुन्हा सांगा. पहिल्यापासून." मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रोज एकदा, त्याच शब्दांत. कुठे काही सुटलं तर ती मला थांबवायची. "दुकान बंद होतं, ते राह्यलं." सुरुवातीला सांगताना माझा आवाज फुटायचा. आठ-दहा दिवसांत तो फुटायचा थांबला. संगीता दाराशी उभी राहून ऐकायची. एका संध्याकाळी तीही येऊन बसली आणि म्हणाली, "मले बी नीट सांगा. फोनवर मी पुरतं ऐकलंच नव्हतं."

रजा संपायला एक दिवस उरला होता. मी अंगणात सामान बांधत होतो. कुंपणाबाहेर पोरं बसलेली. शेजारचा एक लहान पोरगा विचारत होता, बेला कवा येणार म्हणून. मी उठणार होतो. आबांनी हातानंच बस म्हणून खुणावलं.

"येणार नाई ते," प्राची म्हणाली. "ते शहीद झाली."

"कशानं?"

"बॉम्बनं. त्या दिवशी ते जेवली नव्हती. पप्पाले समजलं नाई. तरी बी ते कामावर गेली. मोरीपाशी बसली. ते बसली म्हणून सगळे वाचले."

"सगळे म्हंजे कितीक?"

"सत्तावीस."

मी तिला नेहमी सव्वीस सांगत आलो होतो. बेलामागं सव्वीस जवान चालतात, हे पोरानंही आधी कधीतरी प्राचीकडून ऐकलं असावं. तो म्हणाला, "सव्वीस न व?"

"सव्वीस मागं होते," प्राची म्हणाली. "तिच्या जवळ माहे पप्पा होते."