शेठ म्हणाले, बढ़ाना है

महिपत घाणेकर मूळचा रत्नागिरीकडचा. भाईंदरला भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या चाकावर काम करायचा आणि पेणकरपाड्यात एका खोलीत राहायचा. माणूस साधा, पण देण्याच्या बाबतीत भलताच हळवा. कुणाची चार आणे उधारी राहिली, तरी दातात बडीशेप अडकल्यासारखी त्याची जीभ सारखी तिकडेच जायची. आणि नेमक्या अशा माणसाच्या डोक्यावर शांताबाईचं पाचशे रुपयांचं देणं येऊन बसलं होतं.

शांताबाई जुन्या भाईंदरची कोळीण. नवरा गेलेला, सुकी मासळी विकून पोट भरायची. महिपतच्या बायकोचं, मंदाचं, बाळंतपण अडलं तेव्हा या बाईने साठवलेले पैसे काढून दिले. कागद नाही, व्याज नाही. पगार झाला की दर महिन्याला थोडे थोडे द्यायचे, एवढंच बोलणं झालं होतं. एव्हाना निम्मे फिटले होते.

बाहत्तर सालच्या दसऱ्याला कारखान्यात यंत्रांना हार घातले, पेढे वाटले आणि शेठ म्हणाले, "दिवाली के बाद कारखाना बढ़ाना है." टाळ्यांचा नुसता कडकडाट. नवी शेड येणार, नवी चाकं येणार, पगारही वाढेल! शेजारच्या चाकावरच्या सदूने तर त्याच संध्याकाळी हप्त्यावर रेडिओ ठरवून टाकला.

महिपतनेही टाळी वाजवली, पण एकच. तयार भांडी घेऊन तो अधूनमधून शेठच्या दुकानात जायचा. दिवेलागण उलटली की हेच शेठ नोकराला म्हणायचे, "चलो, दुकान बढ़ा दो," आणि नोकर फळ्या लावायचा. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? दुकान बंद केलं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. तोंडातून वाईट शब्द जाऊ नये म्हणून ही सगळी धडपड. मग सणाच्या दिवशी, हार घातलेल्या यंत्रांसमोर, शेठ 'बंद' कसं म्हणतील?

शेठना विचारायची छाती कुणाची होती? महिपतने गोदामात डोकावून पाहिलं. भांड्यांसाठी लागणारे पत्रे संपत आले होते आणि नव्या मालाची गाडी येत नव्हती. त्याने सदूला सांगितलं, तर तो हसत सुटला.

"तू ना यार, पेढा खाऊनपण तोंड कडू करतोयस!"

रात्री जेवणं झाल्यावर महिपत मंदाला म्हणाला, "तुझं मशीन विकायचं म्हणतोय. शांतामावशीचे सगळे एकदम देऊन टाकू."

त्या शिलाई मशीनवर मंदा पाड्यातल्या बायकांची पोलकी शिवायची. तिने हातातलं पोलकं खाली ठेवलं. "नोकरी जाणार म्हणताय आणि मशीनपण विकायचं म्हणताय? मग खायचं काय? पैसे हाताशी राहू देत. मावशी काही दारात येऊन बसणार नाही."

"म्हणून तर," महिपत म्हणाला. "ती मागणार नाही. आज माझी नियत साफ आहे, मंदा. चूल थंड पडल्यावर ती कशी राहील, मला नाही सांगता येत. मलाच माझी भीती वाटतेय."

मंदाने मशीनची सुई काढून डबीत ठेवली, वर झाकण घातलं आणि म्हणाली, "न्या."

शांताबाईने पैसे बघितले आणि तिचा पारा चढला. "काय रं, माजा पैसा टोचाय लागला तुला? महिन्याला देतोस ना? का भांडन काडून जायाचा इचार हाय?"

महिपतने शेठचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. पण तिचा हात टोपलीवरच थांबला.

"माजा नवरा गेला तवा बायांनी माज्या बांगड्या वाढवल्या," ती म्हणाली. "ह्या शब्दाला काय हसायचं न्हाय, बाबा."

तिने पैसे घेतले. सगळे घेतले. थोडे तरी परत हातावर ठेवेल अशी आशा महिपतच्या मनात डोकावली होती. त्या आशेची त्यालाच लाज वाटली आणि तो चहा न घेताच उठला.

भाऊबीज झाली आणि कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागलं. सदूने रेडिओ परत केला, वर दुकानदाराची बोलणी खाल्ली. कामगारांनी शेठच्या नावाने बोटं मोडली. ज्याने शब्द बरोबर ओळखला, त्याला तरी काय मिळालं? महिपत मिठागरात चिखल तुडवायला लागला. पायांना खारं पाणी लागून भेगा पडल्या. त्यातही काम कधी असायचं, कधी नसायचं. मंदा हाताने टाके घालायची, पण एका पोलक्याला दोन दिवस लागले तर बायका कशाला थांबतील?

एका संध्याकाळी घरात फक्त पेज होती. पोर रडून रडून झोपलं होतं. महिपत ताटलीपुढे बसला, पण त्याला घास घेववेना. मान वर न करता तो म्हणाला, "मंदा, मघापासून मी त्या पैशांचाच विचार करतोय. आज हातात असते ना, तर नसते दिले मी. मावशी समोर उभी राहिली असती, तरी नसते दिले."

मंदाने आपल्या वाट्याची पेज त्याच्या ताटलीत ओतली.

"ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "नाहीतर मशीन जाऊ दिलं असतं का मी?"