पुतळाबाई केलाँगला निघते

अंधेरीच्या बाजारात पुतळाबाईने "पापलेट घे गं बाय, ताजी हाय" अशी हाक दिली की शेजारणीकडे भाव करणारं गिऱ्हाईकसुद्धा दचकून तिच्याकडे वळायचं. शेजारीण म्हणायची, "हिच्या गल्यान भोंगा बसवलाय." पण हाच भोंगा वेसाव्याला घरी पोचला की मुका व्हायचा. घरात ऐकायला होतं कोण? नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक अनंता डोंगरात रस्ते बांधणाऱ्या सरकारी खात्यात ट्रक चालवायला लागला आणि हिमाचलात गेला, तो चार वर्षांत एकदाही फिरकला नव्हता. उंच खिंडीपलीकडे केलाँग नावाचं गाव होतं, तिथे तो राहायचा.

एकदा जाऊन पोराला डोळे भरून बघायचं, एवढंच पुतळाबाईच्या मनात होतं. प्रश्न होता तो कधी जायचं, हा.

अनंताचा ट्रंककॉल यायचा बर्फाच्या कारखान्यात. मग दारावरचा सीताराम वॉचमन बोळाच्या तोंडाशी येऊन ओरडायचा, "पुतळाबाय गो, तुझ्या झिलाचो फोन." पुतळाबाई हातातला मासा तसाच टाकून धावायची. फोनवर तिचा आवाज असा लागायचा की ट्रंककॉल कशाला लावतात, असं लोक विचारायचे.

"मे महिन्यान येऊ काय रं?"

"मेमध्ये नको गं आई. वर खिंडीत बर्फ असतो."

"बर्फाचं मना नको सांगूस. रोज पाटीभर बर्फ फोडते तुजी आई. त्या बर्फावरच वाढलास तू."

"तसला बर्फ नाही तो. माणूस गाडला जातो."

"मंग पावसाल्यान येन. होड्या वर ओढल्या की नारली पुनवेपर्यंत मना काय काम नाय."

"पावसाळ्यात दरडी कोसळतात ना यार."

"यार? आयशीला यार म्हणतोस?"

पलीकडे हसू फुटलं. तेवढ्या हसण्यावर पुतळाबाईचे दोन-तीन महिने निघाले. अंधेरी स्टेशनबाहेर फुटपाथवर तिने जाड मरून स्वेटर घेतला, तोही ऐन उन्हाळ्यात. गळ्यापर्यंत चढवून, घामाने निथळत तिने तो सगळ्या बोळाला दाखवला. सुके बोंबील डब्यात भरून ठेवले. शेजारची कमळ रोज टोचायची, "काय गं पुतले, लागला काय मोसम? का स्वेटरलाच बोंबलाचा वास लावून ठेवतेस?"

"लागंल, लागंल," पुतळाबाई म्हणायची.

शेवटी सीतारामनेच तोंड उघडलं. वॉचमन होण्याआधी तो फौजेत होता.

"अगो बाय, माका इचार मा. दोन वर्सां थंयसर काढलंय मी. भादव्यात जा. आभाळ धुतल्यासारख्या, रस्तो सुको, ऊन कोवळा. त्येच्यासारखो मोसम नाय."

भादवा म्हणजे कोळीवाड्यात कमाईचे दिवस. होड्या भरून यायला लागतात, बायकांना जेवायला फुरसत नसते. त्या दिवसांत धंदा बंद ठेवायचा म्हटल्यावर कमळने कपाळाला हात लावला. पण पुतळाबाईचं ठरलं होतं. पुढचा फोन आला तेव्हा तिने हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"भादव्यान येन. बर्फ नाय, दरड नाय. सीताराम बोलला."

तारेत नुसती खरखर होती. तिला वाटलं लाइन तुटली.

"अनंता?"

"आहे गं. भादव्यात कामाची घाई असते आई. मी घरी नसतोच."

"नसलास तर नसलास. मी बसून ऱ्हाईन. जेवण करून ठेवीन."

"जागा नाही."

"खोली हाय बोलला व्हतास."

"आहे, पण... यंदा नको. पुढच्या वर्षी बघू. चांगला मोसम बघून मीच सांगतो तुला."

तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून जागेवर ठेवला. सीताराम दारातच उभा होता, आणि तिच्या आवाजामुळे निम्मं बोलणं त्याने ऐकलंच होतं.

"तू तिकडनं येऊन लई वर्सं झाली नं रं?" तिने विचारलं. "आता हवा बदलली असंल तिथली."

सीतारामने तिच्याकडे पाहिलं नाही. "व्हय गो," तो म्हणाला. "बदालली आसतली."

भादवा आला तशी पुतळाबाई पाटी घेऊन बाजारात बसली, आणि भोंगा नेहमीसारखाच वाजला. कमळनेही मोसमाची चौकशी बंद केली. ते टोचणं थांबलं ते पुतळाबाईला जास्तच लागलं. पहाटे बर्फ भरायला जाताना ती मरून स्वेटर घालायला लागली. कारखान्यातली पोरं म्हणायची, "आली काश्मीरवाली."

होळीच्या सुमारास पुन्हा फोन आला. या वेळी ती आरामात चालत गेली. सुरमईला काय भाव आला ते सांगितलं, कमळच्या सुनेला मुलगी झाली ते सांगितलं, जेवतोस काय रं तिथं, ते विचारलं. अनंता हूं हूं करत राहिला. मग तिचं बोलणं संपलं आणि तारेत नुसती खरखर उरली.

"आई," तो घाईघाईने म्हणाला, "खिंड अजून उघडली नाही इकडे. यंदा बर्फ फार पडला."

"मी कवा इचारलं?" पुतळाबाई म्हणाली.

आणि हे ती इतकं हळू म्हणाली, की दारात उभ्या असलेल्या सीतारामलासुद्धा ऐकू गेलं नाही.